अश्लेषाचा तोंडपाठ पत्ता

लतिकाला इंटरनेटवर कुणीतरी भेटलंय, अशी बातमी दोन हजार चारच्या श्रावणात आमच्या माणिकपूरच्या बिल्डिंगमध्ये पसरली. पसरवली मीच. दुपारभर त्यांचा फोन एंगेज, आणि बेडरूममधला कॉम्प्युटर उचलून स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी आणलेला! माणसाने दुसरं काय समजायचं?

बातमी निम्मी खोटी निघाली. कुणीतरी भेटलं होतं खरं, पण लतिकाला नव्हे, तिच्या अकरा वर्षांच्या अश्लेषाला. चॅटवर. नाव संपदा, वय म्हणे बारा, म्हणे वसईचीच. तिने विचारलं, "कुठे राहतेस?"

आता ही पोर चार वर्षांची असताना बाजारात हरवली होती. तेव्हापासून लतिकाने तिच्याकडून घोकून घेतलेलं: अश्लेषा दिनानाथ सामंत, बी विंग, तिसरा मजला, चर्चच्या मागे, फोन नंबर अमुक. पाहुण्यांपुढे ती घडाघडा म्हणून दाखवायची, मी टाळ्या वाजवायचो. तेच सगळं पोरीने टाइप करून टाकलं. वर शाळा कधी सुटते तेही.

'संपदा'ने लिहिलं, शनिवारी चिंचोटीच्या धबधब्यावर जाऊ, माझा दादा न्यायला येईल, आईला सांगू नकोस. त्या शेवटच्या वाक्याला पोर बिचकली आणि तिने आईला सांगितलं.

दिनानाथ म्हणाला, "कनेक्शनच काढून टाकतो."

"काढा. म्हणजे पुढच्या वेळी ती आपल्याला सांगणारच नाही." लतिकाने कपाळावर हात मारला. "सात वर्षं मीच घोकवलं हो! आता विसरायला कसं लावू?"

दोघं पोलिसांत अर्ज देऊन आली, आणि कॉम्प्युटर लतिकाच्या नजरेखाली स्वयंपाकघरात आला. मग भाजी चिरता चिरता परीक्षा सुरू झाली.

"नाव काय तुझं?"

"आईला विचारून सांगते."

"शाळा कुठली?"

"आईला विचारून सांगते."

पोरीने ते इतकं मनावर घेतलं, की वर्गात नव्या बाईंनी नाव विचारलं तर तिथेही तेच! लतिका वैतागली. "अगं बये, बाईंना सांगायचं! बाई समोर दिसतात ना तुला?"

"संपदाचा पण फोटो दिसत होता."

लतिकाने सुरी खाली ठेवली. "बरं. मग मला विचारत जा. शंभरदा विचार. मी चिडले तरी विचार."

शनिवारी सकाळी मी गेटपाशी पेपर वाचत होतो. रिक्षातून तिशीतला एक गोडबोल्या उतरला. "काका, बी विंग हीच ना? अश्लेषा घरी आहे का? मी तिच्या मैत्रिणीचा, संपदाचा भाऊ."

मला अश्लेषाच्या चॅटचं तेव्हा काही ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलं की माझी जीभ थांबत नाही. "हीच बी विंग, तिसरा मजला. पोरगी आत्ता शाळेतून…"

"भाऊजी, गप्प बसा!" वरून लतिका ओरडली. "अहो, त्याला धरा!"

मी पेपरची घडी घालेपर्यंत तो रिक्षात बसून पसार झाला. रिक्षाचा नंबर मात्र लतिकाने गॅलरीतूनच टिपला आणि पोलिसांना फोन लावला.

संध्याकाळी मी तोंड पाडून वर गेलो. दार अश्लेषाने उघडलं.

"आई आहे का गं घरात?"

"आईला विचारून सांगते," म्हणाली आणि दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर! बारशाला पेढे खाल्लेत मी तिच्या!

लतिका बाहेर आल्यावर मी तक्रार केली. ती म्हणाली, "भाऊजी, तिला आठ दिवसांत जमलं. तुम्ही पन्नाशीला आलात, तुम्हाला कधी जमणार?"