नेतीचं भांडं

कपाट आवरताना अप्पांचं नेतीचं तांब्याचं भांडं हाती आलं. चोचीवर अजून पोचा आहे. तो मीच पाडला होता.

तेव्हा मी बारा वर्षांची होते, आम्ही पिंपळगावला राहायचो. माझे वडील, अप्पा, दिवसभर कांद्याच्या खळ्यावर राबायचे आणि पहाटे हठयोग करायचे. माझं नाक कायम चोंदलेलं. एका सकाळी त्यांनी मला मोरीपाशी उभं केलं.

"आसनं नंतर. आधी नाक धुवायचं, मग श्वास कळतो." कोमट पाण्यात मीठ टाकून त्यांनी मला चव घ्यायला लावली. "डोळ्यातल्या पाण्याइतकंच खारट पाहिजे. आता मान तिरकी कर, तोंडानं श्वास घे. घाई नाय करायची."

मी नाकानंच श्वास ओढला. पाणी घशात गेलं, ठसका लागला आणि मी रागानं भांडं फरशीवर आपटलं. "तुमचा योग तुमच्यापाशीच ठेवा."

अप्पांनी पोच्यावरून अंगठा फिरवला. "बरं. उद्या बघू."

पुढे कितीतरी दिवस मोरीच्या कट्ट्यावर ते भांडं रोज भरून ठेवलेलं असायचं. मी बघायचेसुद्धा नाही. एक दिवस ते दिसेनासं झालं, आणि मला बरंच वाटलं.

अप्पांना जाऊन तीन महिने झाले. आज इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये मी पाणी कोमट केलं, मीठ घालून चाखलं, बेसिनवर वाकले. पाणी एका नाकपुडीतून शिरून दुसरीतून अलगद बाहेर आलं. इतकं सोपं होतं.

भांडं रिकामं झालं, तरी बेसिनमध्ये थेंब पडतच राहिले.