शोकेसचा क्लेम

माझे बाबा कारकुनीतून निवृत्त झाले, पण कागदांवरचा त्यांचा विश्वास काही निवृत्त झाला नाही. मोताळ्यातल्या आमच्या घराचा विमा ते दरवर्षी न चुकता भरत आणि आई दरवर्षी न चुकता विचारी, "घराचा विमा काऊन काढता? घर काय मरते का?" एकदा तरी हा विमा कामी यावा आणि बायकोची बोलती बंद व्हावी, एवढीच त्या बिचाऱ्यांची इच्छा होती.

ती संधी माझ्या धाकट्या भावानं आणली. तो लग्नांचं शूटिंग करतो. त्यानं नवा ड्रोन घेतला तेव्हा मी माहेरी होते आणि बाबा रोहिणखेडला एका साखरपुड्याला गेले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई नुसती बसून बसून चिडकी झाली होती. हसणं तर ती विसरलीच होती, आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटायचं. तिचं मन रमावं म्हणून भावानं हॉलमध्येच ड्रोन उडवून दाखवला.

"मले दे बे," आई म्हणाली.

रिमोट तिच्या हातात गेला आणि ड्रोन थेट शोकेसमध्ये. पुढची काच, कपबशा, बाबांना निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ, सगळ्याचा चुराडा झाला. ड्रोनला मात्र ओरखडाही आला नाही.

भावाच्या मित्रानं उडवला असं सांगायचं आमच्या तिघांचं ठरलं. बाबा संतापतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा नवरदेवासारखा खुलला. "बाहेरच्या माणसानं केलेलं नुकसान पॉलिसीत बसते! कोणी कशाले हात लावू नका. साहेब येऊन पाहातीन."

साहेब म्हणजे विमा कंपनीचे सर्व्हेअर. ते अकोल्याहून यायचे होते. बाबा त्यांना आणायला बसस्टँडवर गेले आणि आईच्या अंगात आलं. काचा झाडून कचऱ्याच्या गाडीत गेल्या. शोकेस पुसून त्याला विणलेला पडदा लागला, आत स्टीलचे पेले मांडले गेले, दारात रांगोळी पडली. गुडघा वगैरे सगळं विसरून ती कच्च्या चिवड्याला कांदा कापत होती.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "छान आहे घर. नुकसान कुठं झालंय?"

बाबांनी शोकेसचा पडदा बाजूला सारला. "हे काय केलं तू?"

"मंग पाहुण्याले फुटक्या काचांत बसवाचं का?" आई म्हणाली. तिचं काही चुकलंय असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

साहेब भला माणूस. चिवडा खात म्हणाले, "ड्रोनमध्ये व्हिडिओ असेल की. तोही चालेल."

"लाव बे, दाखव साहेबाले!" बाबा जोरात म्हणाले. भावानं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं, आईनं पदराकडं. शेवटी त्यानं टीव्हीवर व्हिडिओ लावला.

पडद्यावर आई होती. दोन्ही हातांत रिमोट, पदर कुठच्या कुठे, तोंड उघडं टाकून हसणारी. मग चित्र गर्रकन फिरलं, शोकेस जवळ आलं आणि काळोख झाला.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "काका, घरच्याच माणसानं केलेलं पॉलिसीत बसत नाही हो."

"मित्र म्हणे!" बाबा पुटपुटले. इतक्या वर्षांची त्यांची बाजी हातची गेली होती. आई खाली मान घालून बोलणी खायच्या तयारीत बसली.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले. पुन्हा पाहिलं. "याले आवाज नाही का?"

"ड्रोनच्या व्हिडिओले आवाज नसते, बाबा."

ते आईकडं वळले. "इतकी हासून काय म्हणून राह्यली होती तू?"

आईनं पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "हे आता घरी पाह्यजे होते, असं म्हटलं."

खरंच, तेच म्हणाली होती ती. मी तिच्या शेजारीच होते.

बाबांनी साहेबांच्या पुढ्यात आणखी चिवडा वाढला, टीव्हीजवळ ठेवलेला ड्रोनचा रिमोट उचलून आईच्या हातात दिला आणि आपला हात तिच्या कोपराखाली धरला.

"चाल, अंगणात उडव," ते म्हणाले. "मी आहो आता घरी."