डागवालीचं दुसरं दुकान

दुकान दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद. पुढे लाकडी काउंटर, त्यामागे इस्त्रीचं टेबल आणि अगदी मागे दोन खोल सिंक, एक गार पाण्याचं, एक कोमट. फळीवर व्हिनेगर, ग्लिसरीन, स्पिरिट, अमोनिया यांच्या बाटल्या, उंचीप्रमाणे लावलेल्या. बाहेरच्या पाटीवर एकच शब्द होता, ‘डागवाली’. तिचं खरं नाव नवऱ्यालाही जरा आठवूनच सांगावं लागतं, असं गल्लीतले लोक चेष्टेनं म्हणत.

डागवालीने कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं. नोकरी मात्र तिने कधी केली नाही. लेक लहान असताना तिच्या कपड्यांवर रोज नवा डाग असे, तो काढता काढता शेजारणींचे कपडे येऊ लागले आणि एक दिवस घराच्या पुढच्या खोलीचं दुकान झालं. आता लेक सव्वीस वर्षांची होती, दुसऱ्या शहरात नोकरी करत होती, आणि तिला रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आईचा फोन जात असे. एकदा लेक मीटिंगमध्ये होती म्हणून तिने दोन फोन उचलले नाहीत, तर डागवालीने तिच्या घरमालकिणीला गाठून, ती सकाळी धडधाकट बाहेर पडली ना, याची खात्री करून घेतली होती.

गिऱ्हाइकांशी तिचं वागणंही साधारण असंच. कपडा काउंटरवर आला की ती आधी त्याला हात लावत नसे, माणसाकडे बघत असे. “कसा पडला? केव्हा? घरी काय काय लावून बघितलंत?” एका गृहस्थांनी कॉलरवरचा लाल डाग बीटाचा आहे म्हणून सांगितलं, तेव्हा तिने चष्मा वर करून विचारलं, “बीट लिपस्टिक लावून आलं होतं का?” गृहस्थ लाजले, रांगेतले हसले आणि डाग अर्ध्या तासात गेला.

तिच्या नणंदेला ही बडबड अजिबात खपत नसे. नणंद नवऱ्याहून दोन वर्षांनी मोठी, तीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसलेली. रांग कशी पुढे सरकवायची हे तिच्याकडून शिकावं. निवृत्त झाल्यावर दोनच महिन्यांत घरातली सगळी कपाटं आवरून झाली आणि तिला दिवस खायला उठला.

“वहिनी, तुझं तोंड चालतं तेवढे हात चालले असते ना, तर एव्हाना चार दुकानं असती,” ती एकदा काउंटरला टेकून म्हणाली.

“आणि वन्सं, तुम्ही असतात तर गिऱ्हाइकांनाच तिकीट चिकटवून रवाना केलं असतंत.”

“मग देऊन तरी बघ. माझ्या घराखालचा गाळा रिकामा आहे. पाटी तुझ्या नावाची, मेहनत माझी.”

चेष्टेत निघालेली गोष्ट गंभीर झाली. डागवालीने महिनाभर खपून एक वही लिहिली. कुठल्या डागाला काय, किती वेळ, कोणत्या पाण्यात, कापड सुती असेल तर काय आणि रेशमी असेल तर काय. दोघींनी एका कागदावर सह्या केल्या. मथळा दिला ‘घरगुती मदतपत्र’. त्यात लिहिलं की नणंदेने ‘डागवाली’ हे नाव लावावं, साबण आणि बाटल्या वहिनीकडूनच घ्याव्यात, काम वहीप्रमाणे करावं आणि महिन्याच्या कमाईतला दहावा हिस्सा वहिनीला द्यावा. वहीप्रमाणे काम केलं नाही तर पाटी उतरवावी लागेल.

नणंदेचं दुकान झकास चाललं. कपडा घेतला, डाग बघितला, वहीचं पान उघडलं, पुढचं गिऱ्हाईक! सहा महिन्यांत तिच्याकडची रांग पहिल्या दुकानापेक्षा लांब झाली. डागवालीला आनंद झाला, पोटात थोडं दुखलंही.

आणि मग एका मंगळवारी शाळेतले संगीताचे सर हातात पांढरा लिननचा कोट घेऊन थेट डागवालीच्या दुकानात शिरले.

“हे तुमचं काम?” त्यांनी कोट काउंटरवर पसरला. छातीवर डाव्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग होता, पक्का बसलेला.

“माझ्याकडे आला नव्हता हा कोट.”

“पाटीवर नाव तुमचं आहे ना? पलीकडच्या पेठेतलं दुकान. देताना डाग नखाएवढा होता, परत आला तो असा. माझ्या आईने शिवलाय हा कोट, बाई. ती आता नाही. शनिवारी मुलांचा कार्यक्रम आहे आणि दर वर्षी मी हाच घालतो. आता तुमच्या दुकानाचं नाव मी साऱ्या गावाला सांगणार आहे.”

डागवालीने चष्मा वर केला. तिने कोट नाकाशी नेला, बोटाने चाचपला. “सर, हा डाग कशाचा?”

“व्हायोलिनची तार तुटून बोट कापलं होतं. रक्ताचा.”

“तुम्ही तिकडे सांगितलं नाहीत?”

“मला कुणी विचारलंच नाही!”

सगळा उलगडा झाला. वाळलेलं रक्त दिसतं चहासारखं. नणंदेने वहीतलं चहाचं पान उघडलं आणि कोट गरम पाण्यात बुडवला. रक्ताला गरम पाणी लागलं की ते कापडात घर करून बसतं. वीस वर्षांत कमावलेलं नाव एका बादलीत बुडालं, असं डागवालीला वाटलं. सरांकडून तिने शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि तडक नणंदेला फोन लावला.

“वन्सं, पाटी उतरवा.”

“का म्हणून? वहीबाहेर एक थेंब टाकला नाही मी.”

“डोळे तरी उघडे ठेवायचे होतेत!”

“डोळे उघडे होते. वही पण उघडी होती. तुझीच.” आणि फोन बंद.

नवऱ्याने दोन्हीकडून ऐकून घेतलं आणि बहीण की बायको हा प्रश्न यायच्या आत बाजारात भाजी आणायला निघून गेला. डागवाली मात्र तो कागद आणि वही घेऊन वकीलबाईंकडे गेली. वकीलबाईंच्या काळ्या कोटावरची शाई तिने दोनदा काढली होती, त्यामुळे आत जायला कुणी अडवलं नाही. खोलीत फायलींचे डोंगर होते, एका खुर्चीवर मांजर होतं आणि दुसरी खुर्ची तिला मिळाली.

वकीलबाई कागद वाचून हसल्या. “घरगुती मदतपत्र! अहो, याला फ्रँचायझी म्हणतात.”

“फ्रँचायझी? ती मोठ्या कंपन्यांची असते. आम्ही आपल्या नणंद-भावजय.”

“कायदा मथळा वाचत नाही, आत काय ठरलंय ते वाचतो. तुमचं नाव ती वापरते. तुमच्या पद्धतीने, तुमच्या देखरेखीखाली काम करते. त्याचा मोबदला तुम्हाला देते. आणि तरी दुकान तिचं, नफा-तोटा तिचा. ती तुमची नोकर नाही, भागीदारही नाही. नाव, पद्धत आणि मोबदला, हे तिन्ही एकत्र आलं की बहुतेक ठिकाणी त्याला फ्रँचायझीच समजतात. तुम्ही त्याला मदतपत्र म्हणा नाहीतर वाढदिवसाचं कार्ड.”

डागवालीला हे सगळं काल-परवाचं खूळ वाटत होतं. वकीलबाईंनी मान हलवली. पूर्वी म्हणे युरोपात अमुक घाटावर होडी चालवायची किंवा तमुक ठिकाणी बाजार भरवायचा तर राजाची सनद लागे. हक्क राजाचा, घाम तुमचा. त्या शब्दाचं मूळच मोकळीक या अर्थाचं. मग दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी शिलाई मशीन बनवणाऱ्यांना प्रश्न पडला की दूरदूरच्या गावांत मशीन विकणार कोण आणि चालवायला शिकवणार कोण? त्यांनी तिथल्याच माणसांना हक्क दिले. पुढे मोटारी आल्या, बाटलीतली थंड पेयं आली. तोवर हक्क होता तो वस्तू विकण्याचा. पुढे हमरस्त्यांवर खाण्याची दुकानं निघाली आणि अख्खी पद्धतच दिली जाऊ लागली. पाटीचा रंग, बटाटा किती मिनिटं तळायचा, गिऱ्हाइकाला निरोप कसा द्यायचा, सगळं वहीत.

“वहीत,” डागवाली पुटपुटली.

“हो. आणि मग निघाले लबाड. पोकळ नाव विकायचं, पैसे घ्यायचे, पसार व्हायचं. म्हणून काही देशांनी नियम केला की सही करण्याआधी ठरावीक दिवस समोरच्याच्या हातात सगळी माहिती द्यायची. धंदा कसा आहे, किती दुकानं बंद पडली, कुठे भांडणं झाली, सगळं. काही देशांत असा वेगळा कायदाच नाही, तिथे कराराच्या आणि ट्रेडमार्कच्या कायद्यावर भागवतात.”

“सही करण्याआधी काय काय वाईट होऊ शकतं ते सांगायचं? हा नियम कुणा आईनेच केलेला दिसतोय.” आणि मग ती मूळ मुद्द्यावर आली. “ते जाऊ द्या. मला एवढंच सांगा, पाटी उतरवता येईल का?”

“वहीप्रमाणे काम केलं नसेल तर येईल. यात रक्ताचं पान आहे का?”

“आहे की. गार पाणी, हे मी ठळक लिहिलंय.”

“आणि डाग कशाचा आहे हे आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, ते कोणत्या पानावर?”

डागवालीने वही उघडली. पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, मग एकेक करत सगळी चाळली. नव्वद पानांत ते वाक्य कुठेच नव्हतं. विचारायचं हे लिहिण्यासारखं काम आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. ती तर नुसती बोलत असे.

मांजराने खुर्चीतच कूस बदलली. वकीलबाई हळूच म्हणाल्या, “मग करार तिने मोडलेला नाही. तिने तुमची पद्धत तंतोतंत पाळली. पद्धतच अर्धी दिली होतीत.”

“मग मी आता काय करू? रोज तिच्या डोक्यावर जाऊन बसू?”

“तेही नको. गुणवत्तेवर लक्षच ठेवलं नाहीत तर उद्या नावावरचा तुमचा हक्क डळमळेल. आणि तिचा प्रत्येक श्वास तुम्हीच ठरवायला लागलात तर कोर्ट म्हणेल, दुकान तुमचंच, नुकसानीला जबाबदारही तुम्हीच.”

“म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.”

“नेमकं!” वकीलबाई म्हणाल्या. “हेच वाक्य समजवायला मला लॉ कॉलेजच्या वर्गात दोन तास लागतात.”

तिथून डागवाली घरी न जाता नणंदेच्या दुकानात गेली. रांगेत सातजण होते. ती निमूट आठवी उभी राहिली. नंबर आला तशी नणंद मान वर न करता म्हणाली, “कपडा?”

“कपडा नाही. माझं चुकलं, ते घेऊन आलेय. वहीत विचारायचं लिहायचं राहिलं.”

नणंदेने चष्मा काढला. रांगेतल्यांनी कान टवकारले. “तीस वर्षं खिडकीवर बसले मी, वहिनी. पार्सल कशाला पाठवता असं कुणाला विचारायचं नसतं, हे अंगात भिनलंय. माझ्याही मनात आलं होतं, की चहा इतका गडद कसा. पण विचारलं नाही.”

“उद्यापासून विचाराल?”

“लिहून दे. लिहिलेलं मी पाळते, हे तरी आता तुला पटलं असेल.”

दोघींनी त्या दुपारी दुकान लवकर बंद केलं. कोट गार पाण्यात आणि एन्झाइमच्या पावडरीत दोन दिवस भिजला, दर चार तासांनी पाणी बदलायची पाळी आळीपाळीने लावली. डाग फिकट झाला, पण धुरकट सावली राहिलीच. तेव्हा नणंदेने कोटाच्या आतल्या दुमडीतून कापड काढून सावलीवर एक खिसा शिवला, पोस्टाच्या पाकिटासारखा काटेकोर. शुक्रवारी सरांना दोघींनी मिळून खरं काय झालं ते सांगितलं आणि मगच कोट दाखवला. सरांनी खिशात बोट घातलं, पेन्सिल ठेवून बघितली, आरशासमोर उभे राहिले.

“आईने खिसा ठेवला नव्हता म्हणून मी शेवटपर्यंत तिच्याशी भांडत होतो,” ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. गावाला सांगायचं राहूनच गेलं.

पाटी तशीच राहिली. वहीत नवं पहिलं पान आलं, ‘आधी विचारा’. आणि वर्षभराने लेकीचा फोन आला, तोही तिने स्वतः होऊन केलेला, त्यामुळे डागवालीने आधी ती धडधाकट आहे ना, हेच विचारलं. लेकीला नोकरी सोडून तिकडे तिसरं दुकान काढायचं होतं.

डागवालीने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तिने वकीलबाईंकडून रीतसर कागद करून घेतले आणि लेकीला पाठवले. वर लिहिलं, ‘पंधरा दिवस वाच. त्याआधी सही केलीस तर मी घेणार नाही.’ त्यात सगळं होतं. पावसाळी दिवसांत काम निम्म्यावर येतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात, पाठ धरते आणि एक कोट कसा बिघडला होता.

सोळाव्या दिवशी लेक घरी आली. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. आत्या साक्षीदार म्हणून चष्मा पुसत बसली होती.

“आई, तू मला दुकान देतेस की घाबरवतेस?”

“दोन्ही. कायद्याने बंधन आहे.”

“आपल्याकडे तसा कायदाच नाहीये. मी वकीलबाईंना विचारलं.”

आत्या खो खो हसली. “विचारते ही! घे वहिनी, पहिल्या पानात पास झाली.”

“एकच कलम मला मान्य नाही.” लेकीने पेन उघडलं. “नववं. ‘नावाची मालकीण कधीही, कितीही वेळा तपासणी करू शकेल.’ हे वर्षातून चारदा करायचं. आधी कळवून. आणि तपासणी दुकानाची. माझ्या फ्रिजची नाही.”

“आणि तू जेवलीस की नाही ते कळायचं कसं?”

“ते करारात येत नाही, आई.”

डागवालीने नणंदेकडे बघितलं. नणंदेने छताकडे बघितलं. लेकीने नवव्या कलमात ‘वर्षातून चारदा’ असं लिहिलं. मग डागवालीने ‘चारदा’ खोडून ‘सहादा’ केलं, लेकीने ‘सहादा’ खोडून ‘पाचदा’ केलं, आणि तिघींनी सह्या केल्या.