पायरीवरची वाकळ

"ए पोरी, वर कामून येऊन राह्यली? तिथंच पायरीवर बस."

माझा एक पाय ओसरीवर होता. तो मी खाली घेतला. हातात सुई, दोरा ओवलेला.

ओसरीवर सात-आठ बायका एका वाकळीभोवती बसल्या होत्या. वाकळ अशीच शिवतात. चारी बाजूंनी बसायचं, टाके घालत मधे यायचं. माझ्यासाठी दोघी सरकल्याही होत्या. मग एकीनं विचारलं, घर कुठं? मी सांगितलं, महारवाड्यात. सरकलेल्या मांड्या पुन्हा जवळ आल्या.

ते जिनिंगच्या मालकाचं घर. त्या साली पाऊस झाला नव्हता. खेड्यांतून उठून आलेली माणसं जालन्यात स्टेशनापुढच्या मैदानात उघड्यावर झोपत होती. थंडी पडली आणि त्यांतला एक म्हातारा सकाळी उठलाच नाही. म्हणून मालकीणबाईंनी वाकळा शिवायचं काम काढलं. माझ्या शाळेच्या गोऱ्या मडमनं मला तिकडं पाठवलं. माझा टाका बारीक. शिवाय बायकांचं बोलणं मडमला इंग्रजीत सांगायला कुणीतरी हवं होतं.

मी बोलणारी नव्हतेच. पायरीवर बसून शिवत राहिले. चिंध्या त्या वरून टाकायच्या. पाणी वरून ओतायच्या. माझ्या वाकळांचा ढीग वेगळा.

"ह्या त्यायच्या लोकायला देऊ," एकजण हसून म्हणाली. "बराबर होईल."

उघड्यावर कुडकुडणाऱ्यांचीही वाटणी झाली होती.

एक दिवस मडम आली. मला पायरीवर पाहून तिनं विचारलं, तू खाली का? मालकीणबाई घाईनं मला म्हणाल्या, "सांग तिला, पोरगी लाजाळू हाय. वर ये म्हणलं तरी येत न्हाई."

लाजाळू तर मी होतेच. जन्मापासून. तेच माझं लाजणं त्यांनी उचललं आणि माझ्याच तोंडानं माझ्यावर टाकायला सांगितलं.

मी उभी राहिले. इंग्रजीत म्हणाले, "मी लाजाळू आहे. पण इथं मला यांनी बसवलंय. मी महार आहे म्हणून."

मडम लाल झाली. चष्मा पुसला. हळूच म्हणाली, "घर त्यांचं आहे. आपण कामाकडे बघावं."

मालकीणबाईंना शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. "काय सांगितलं गं?"

मी तेच मराठीत सांगितलं. मग माझ्या वाकळा उचलल्या.

"कापड आमचं हाय!"

"टाके माझे आहेत."

मैदानात ऊन उतरत होतं. कुंभार पिंपळगावाकडची एक म्हातारी अंग चोरून बसली होती. तिनं वाकळ गालाला लावली. "उबदार हाय गं माय. कोनाच्या हातची?"

"माझ्या. महारवाड्यातली आहे मी."

तिनं हात काढून घेतला. "मंग न्हाई. ने तिकडं."

दात वाजत होते तिचे. घर सुटलं, शेत सुटलं, भांडीकुंडी विकली. एवढं एक मात्र तिनं जपून आणलं होतं.

मी वाकळ उचलली आणि पलीकडच्या बाईला दिली. कुणाच्या हातची ते तिलाही सांगून. पुढं कुणी म्हणालं, गप्प राहिली असतीस तर म्हातारी उबेत झोपली असती. झोपली असती. पण माझा हात लपवून मी कुणाला पांघरूण घालणार नाही. जिथं ओतायचा तिथं राग ओतावा. थंडीत बसलेल्या बाईला असं म्हणायला ज्यांनी शिकवलं, ते ओसरीवर उबेत बसले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीतली जुनी लुगडी गोळा केली. मैदानाच्या मधोमध वाकळ अंथरली. सुया मांडल्या. एका बाजूला मी बसले. तीन बाजू मोकळ्या. म्हातारी लांबून बघत होती.

कुणीही यावं, शिवावं, पांघरावं. जिला माझ्याशेजारी बसायचं नाही, तिनं उठावं.

मी उठणार नाही.