निम्मी पातळी

चार माणसं वर्षानुवर्षं एका लॅबमध्ये राबली की किस्से आपोआप साठतात. आमचे किस्से मंदा सांगायची. ती रक्त काढायची, मी तपासायचो. ती गेल्यापासून मलाच सांगावे लागतात. मध्येच "असं नव्हतं हो ते" म्हणणारं कुणी नाही, तेव्हा चुका माझ्या.

लॅब राजारामपुरीत. सत्तरच्या दशकात आमच्या डॉक्टरांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरच्या एका नव्या औषधाची चाचणी घेतली. औषध रक्तात किती उतरतं, हे मी मोजायचो. रसायन घातलं की नमुना निळा व्हायचा. निळा जितका गडद, तितकं औषध जास्त.

*

गोळी दिल्यावर दर दोन तासांनी रक्त घ्यायचं. तिसऱ्या सुईला एक म्हातारबा मंदाला म्हणाले, "बाई, एकदाच काय ते काढा आणि आपसात वाटून घ्या की!"

*

गडहिंग्लजच्या एका रुग्णाला उपाशीपोटी बोलावलं होतं. एसटीतून घरचे सहा जण उतरले, सगळे उपाशी. मोठा भाऊ म्हणाला, "त्यो उपाशी आन् आम्ही जेवायचं व्हय?" मंदाने पातेलंभर पोहे केले.

*

शेजारी पिठाची गिरणी. ती सुरू झाली की निळा रंग मोजणाऱ्या आमच्या मशीनचा काटा नाचायचा. मी अर्धा तास थांबायची विनंती केली. गिरणीवाला म्हणाला, "थांबतो की. रांगेतल्या बायकांस्नी तेवढं तुम्ही सांगा." मी मशीनची वेळ बदलली.

*

राधानगरीकडची एक सोळा वर्षांची मुलगी होती. रोज सकाळी दोन गोळ्या, पण रक्तात पातळी कायम निम्मी. डॉक्टरांनी माझ्या हातावर शंका घेतली, मी गिरणीवर. गिरणी बंद असताना तीनदा मोजलं. निम्मीच.

डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी पातळी चढली नाही तर हिचं औषध बंद. आईचा चेहरा उतरला. गोळी चुकत नाही, रोज माझ्या हातानं देते, असं ती शपथेवर सांगत होती.

मंदाने तिला बाकावर बसवून शांतपणे विचारलं, "देता कशा?"

आईने दाराकडे पाहिलं. तिथे धाकटी सुजलेला गुडघा धरून उभी होती. आजार तोच, पण वय कमी म्हणून तिला चाचणीत घेतलं नव्हतं.

"दोन गोळ्या हायत, बाई," आई म्हणाली. "आन् पोरी बी दोन हायत की."