मी तिथंच जेवले होते

आमच्या गल्लीत एक मांडे करणारी होती. मी तिला बाई म्हणायची, ती मला भाभी. उलट्या खापरावर मांडा टाकावा तर तिनंच. पार राजघाट भागातल्या लग्नांतूनही तिला बोलावणं यायचं. नवरा गेल्यावर घर त्यावरच चालत होतं तिचं.

फाल्गुनात एका हळदीला तिचे मांडे होते. मीही गेले होते, पोटभर जेवले. आठ दिवसांनी माझ्या फोनवर नणंदेचा मेसेज आला. खाली बाईचा फोटो, वर लिहिलेलं की हिच्या मांड्यांनी हळदीतली लेकरं आजारी पडली, शिळं पुरण वापरते, हिला बोलावू नका.

आता नणंदेचा मेसेज. पुढं नाही पाठवला तर म्हणेल, भाभीला माझं खरं वाटत नाही. दिला चार ग्रुपवर टाकून आणि गेले भाजी फोडणीला टाकायला. इतकंच केलं मी, बघा.

अखाजी आली, म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे तो घरोघरी मांड्यांचा सण. बाईला एकही बोलावणं आलं नाही. मग तिच्या वकिलाची नोटीस आली, नणंदेला आणि मला.

मी घाबरून ओळखीच्या वकीलसाहेबांकडे गेले. म्हटलं, "मी लिहिलं नाही हो, फक्त पुढं पाठवलं."

"काकू, पुढं पाठवणाराही बदनामीत धरला जाऊ शकतो. खरं का खोटं, कुणाला विचारलं होतं?"

"विचारायचं काय, मी तिथंच जेवले होते."

"मग काही झालं?"

"काहीच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवला. "हे बाहेर कुठं बोलू नका."

घरी येऊन मी तेच चारही ग्रुपवर लिहिलं. मी जेवले होते, मला काही झालं नाही, मी खोटं पसरवलं, माफ करा. नणंद तेव्हापासून बोलत नाही. नाही तर नाही.

मग बाईकडे गेले. तिनं बसायला दिलं, पाणी दिलं.

"वाचलं मी, भाभी. तुमच्यावरची नोटीस मागं घेते." मग म्हणाली, "बाकीच्यांचं मला काही वाटत नाही. त्यांना काय माहीत. तुम्ही तर माझ्यासमोर बसून जेवला होता."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि उठले.

माफी वाचूनही तिला कुणी बोलावलं नाही. पावसाळ्याआधी ती लेकीकडे चांदनी गावाला निघून गेली. जाताना सगळ्यांना भेटली. मलाही भेटली, नीट बोलली. फक्त भाभी म्हणाली नाही.