कप हलवला की पुरे

मी ज्यांच्या ऋणात आहे त्यांत पहिली माझी थोरली बहीण, अक्का. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे तिची खानावळ होती. सातवीनंतर शाळा सोडून ती आईबरोबर चुलीपुढे बसली, म्हणून मी कॉलेजात गेलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो. तिच्याकडे जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरला तरी आणखी एक पोळी पडायचीच. मलाही तिने तेच शिकवलं : वाढणाऱ्याला नाही म्हणायचं नाही.

रियाधच्या बँकेतलं माझं कंत्राट यंदा वाढलं नाही; नोकरी संपली की इथे राहायचा परवानाही संपतो. मुलगी इथेच जन्मलेली, नववीची परीक्षा नुकतीच दिलेली. मी आणि बायको पुण्यात मित्राच्या घरी राहून नोकऱ्या शोधणार आणि तोवर मुलीने अक्काकडे राहून दहावी करायची, असं आम्ही ठरवलं. तिला सांगितलं तेव्हा ती शाळेत रुळलेल्या हिंदीत एवढंच म्हणाली, "मुझसे पूछा भी नहीं." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

हा देश एकदा सगळा फिरू, असं मी तिला दरवर्षी सांगत आलो होतो. आता पुढचं वर्ष उरलं नव्हतं. विकण्याआधी आमच्या गाडीमागे मी भाड्याची कॅरव्हॅन जोडली. चाकांवरची खोलीच ती. बायकोने तिच्यात कुकर, पोळपाट, मेतकूट सगळं भरलं. फिरता फिरता मुलीचं मन वळेल, ती खुशीने अक्काकडे जाईल, एवढीच माझी आशा होती.

उत्तरेच्या वाळवंटात, हफ्र अल बातिन शहराच्या अलीकडे, कॅरव्हॅनचं चाक वाळूत रुतलं. जवळच्या तंबूतून एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी आपली गाडी लावून आम्हाला ओढून काढलं आणि गहवा, म्हणजे इथली कॉफी, घेतल्याशिवाय सोडेनात. इतकी वर्षं इथे काढली, पण कुणा सौदी माणसाच्या गालिच्यावर मी पहिल्यांदाच बसत होतो. म्हाताऱ्यांनी इवल्या कपात कडवट, वेलची घातलेला गहवा ओतला. मी प्यायलो. त्यांनी पुन्हा ओतला. मी पुन्हा प्यायलो. नको झाला होता, तरी मी रिकामा कप पुढे करत राहिलो आणि ते ओतत राहिले.

"बाबा, कप हिलाओ!" मुलगी न राहवून म्हणाली. "थोडासा. नहीं तो वो देते ही रहेंगे."

तिने माझ्या हातातला कप घेऊन मनगटाने हलकेच हलवून दाखवला. म्हाताऱ्यांनी लगेच किटली खाली ठेवली, तिच्याकडे पाहून हसले आणि अरबीत काही बोलले. तीही अरबीत बोलली.

"काय म्हणाले गं?"

"पूछ रहे थे, मैं कहाँ की हूँ. मैंने कहा, यहीं की."

बायको माझ्याकडे बघत होती. मी गालिच्याकडे.

पुढे तबूकची गव्हाची शेतं आली. मग लाल समुद्राच्या काठाने दक्षिणेकडे निघालो. थुवालला खिडकीतून विद्यापीठाचा परिसर दिसला तेव्हा मुलगी बराच वेळ मान वळवून पाहत राहिली. तिला तिथे शिकायचं होतं, हे मला बायकोने नंतर सांगितलं. जिझानला पोचलो तर हवा दमट, रस्त्याकडेला केळी, पपया, आंब्याच्या बागा. मला उगाच हुरूप आला.

"बघ, अगदी आपल्या गावासारखं!"

"तुमच्या गावासारखं, बाबा," ती म्हणाली.

कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून ती पपई खात होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आत्या के यहाँ कितने दिन?"

"नोकरी लागेपर्यंत."

"मतलब पता नहीं." तिने साल बाजूला ठेवलं. "ठीक आहे. जाईन मी."

तिने मराठीत बोलावं म्हणून मी वर्षानुवर्षं मागे लागलो होतो. त्या दिवशी ती मराठीत बोलली, पण मन वळलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता.

अक्काला आता फोनवर नीट ऐकू येत नाही. रियाधला परतल्यावर मी तिला पत्र पाठवलं.

"ती. अक्कास, सा. न.

मुलगी तुझ्याकडे यायला तयार आहे. खुशीने नाही; मी सांगितलं म्हणून. तिचा देश सुटतोय आणि तो मी परत देऊ शकत नाही. ती हिंदीत बोलेल, कधी बोलणारच नाही. तू रागावू नकोस. संध्याकाळी गच्चीवर एकटी बसली तर बसू दे.

एक मागणं आहे. तुझ्या आग्रहावर मी वाढलो, पण तिला आग्रह करू नकोस. इथे रिकामा कप जरासा हलवला की पुरे झालं असं समजतात. तिने हातातली वाटी तशी हलवली तर वाढायचं थांब. तिथे एका माणसाला तरी तिची ही खूण कळू दे.

तुझा भाऊ"